मारधाडीचे अ‍ॅनिमे, फॅनसर्विस आणि पात्रांची खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(खाली 'किल ला किल', 'इव्हॅन्गेलियन', 'काउबॉय बिबॉप', 'डीमन स्लेयर' आणि 'फायर फोर्स' या जपानी अ‍ॅनिमे (म्हणजे रेखाटलेल्या चलचित्र) मालिकांतले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत. पाहायच्या बाकी असतील तर त्या त्या मालिकेचं नाव दिसताच पुढच्या प्रश्नावर जा.)

फॅनसर्विस म्हणजे फक्त तोकडे कपडे का?

नाही. चाहत्यांना आवडेल म्हणून कथेत वरून घातलेलं काहीही फॅनसर्विसमध्ये येतं. जुन्या मालिकेतलं पात्र दोन सेकंद गर्दीत दिसणं, शेवटच्या लढाईत पहिल्या हंगामाचं शीर्षकगीत वाजणं, यंत्रमानवाचा एकेक सांधा निवांतपणे दाखवणं, हे सगळं त्यातच मोडतं. पण रोजच्या बोलण्यात हा शब्द देहप्रदर्शनासाठीच वापरला जातो आणि वादही त्यावरूनच होतात. म्हणून या पानावर त्याच अर्थाने बोलू.

एची आणि फॅनसर्विस एकच का?

एची हा मालिकेचा प्रकार आहे. तिथे चावटपणा हाच माल असतो आणि पाहणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं. फॅनसर्विस हा एखाद्या दृश्याचा गुण आहे. तो युद्धकथेत, गुप्तहेरकथेत, कुठेही सापडू शकतो. हेन्ताई म्हणजे उघड प्रौढ साहित्य. त्याचा या पानाशी संबंध नाही.

मारधाडीच्या मालिकांतच हे इतकं का दिसतं?

याची मुळं जुनी आहेत. जपानी चित्रकथाकार गो नागाई यांची 'क्यूटी हनी' १९७३ साली आली. तिच्यात नायिका रूप बदलते तेव्हा कपडे फाटून नाहीसे होतात आणि नवा पोशाख अंगावर येतो. पुढच्या कितीतरी वेशांतर-दृश्यांचा साचा तिथे दिसतो.

दुसरं कारण उत्पादनाचं. वेशांतराचं दृश्य एकदाच मेहनतीने काढायचं आणि जवळजवळ प्रत्येक भागात पुन्हा वापरायचं, अशी पद्धत आहे. अशा साठवून ठेवलेल्या दृश्याला जपानी स्टुडिओंत 'बँक' म्हणतात. ते वारंवार दिसणार म्हणून त्यावर चांगले चित्रकार बसवले जातात. त्यामुळे मालिकेतलं सगळ्यात देखणं रेखाटन नेमकं याच अर्ध्या मिनिटात सापडतं.

तिसरं कारण वेळेचं आणि पैशाचं. यातल्या पुष्कळ मालिका जपानमध्ये मध्यरात्रीनंतर लागतात. (तिथल्या कार्यक्रमपत्रिकेत रात्री एकची वेळ '२५:००' अशी छापतात.) त्या वेळेचं प्रक्षेपण बराच काळ जाहिरातीसारखं होतं, खरी वसुली डिस्क, पात्रांच्या छोट्या मूर्ती आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून व्हायची. मूर्ती विकायची म्हटली की पोशाख लक्षात राहणारा हवा, आणि तो दबाव थेट पात्राच्या रेखाटनापर्यंत पोहोचतो.

एखादं दृश्य पात्रासाठी आहे की निव्वळ प्रेक्षकासाठी, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा पाहा. संगीत आणि विनोदी आवाज गेले की कॅमेरा कशावर रेंगाळतो ते लख्ख दिसतं. मग एक गोष्ट तपासा: कॅमेरा जिथून पाहतोय तिथे कथेतलं कुणी उभं आहे का? कुणी असेल तर ती नजर त्या पात्राची आहे आणि त्याच्याबद्दल काहीतरी सांगते. जमिनीलगत कुणीही नसताना चौकट तिथून वर पाहत असेल, तर ती नजर तुमच्या वतीने लावलेली आहे.

नंतर चेहरा शोधा. शरीर दिसत असताना चेहरा चौकटीत आहे का, आणि त्यावर भाव आहे का? चेहरा कापलेला असेल तर त्या क्षणी पात्र उरलेलं नाही, वस्तू उरली आहे. सर्वांत विश्वासाची खूण मात्र पुढच्या प्रसंगात मिळते. जे घडलं ते पात्राला आठवतं का? लाज, राग, अभिमान, सावधपणा, काहीही शिल्लक राहतं का? काहीच उरत नसेल तर दृश्य कापून टाका, कथेला ओरखडाही उठणार नाही.

अ‍ॅनिमेत आणखी एक तपासणी करता येते, जी जिवंत नटांच्या सिनेमात करता येत नाही. सेकंदाला २४ चौकटी असतात, पण पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र बहुधा दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात. तीन धरल्या तर सेकंदाला ८ चित्रं. म्हणजे जास्तीचं प्रत्येक चित्र कुणीतरी हिशेब करून मंजूर केलेलं असतं. संवादाच्या वेळी फक्त ओठ हलताहेत आणि शरीराच्या हालचालीत मात्र चित्रं ओतली आहेत, असं दिसलं की निर्मात्यांचा अग्रक्रम कळतो. प्लेयरमध्ये एकेक चौकट पुढे सरकवून हे कुणालाही मोजता येतं.

'किल ला किल'मध्ये कपड्यांचा विषय खरा आहे की तो नुसता बहाणा?

विषय खरा आहे, आणि तो पहिल्या भागापासून नीट बांधलेला आहे. ट्रिगर स्टुडिओची ही २४ भागांची मालिका ऑक्टोबर २०१३ ते मार्च २०१४ या काळात लागली. दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी, लेखक काझुकी नाकाशिमा. २००७ च्या 'गुरेन लागान'ची जोडी हीच.

होन्नोजी अकॅडमी या शाळेत गणवेश म्हणजेच हुद्दा. लाइफ फायबर नावाचे जिवंत धागे गणवेशात किती, यावर माणसाची ताकद ठरते: एका ताऱ्याला १० टक्के, दोन ताऱ्यांना २०, तीन ताऱ्यांना ३०. घर कुठे मिळणार, जेवायला काय मिळणार, हेही त्या ताऱ्यांवर. नायिका र्‍यूको मातोई हिच्याकडचा सेन्केत्सु हा गणवेश पूर्ण १०० टक्के धाग्यांचा आहे. तो बोलतो आणि तिचं रक्त पितो. लढताना तो अतिशय तोकडा होतो आणि र्‍यूको शरमेने अर्धमेली होते.

तिसऱ्या भागात हीच शरम कथेचा पेच बनते. विद्यार्थी परिषदेची प्रमुख सात्सुकी किर्यूइन तसाच पोशाख, जुन्केत्सु, अंगावर चढवते आणि जराही बिचकत नाही. ध्येयासाठी लोकांच्या नजरेची पर्वा करणं तिला क्षुद्र वाटतं. र्‍यूको हरत असते कारण ती स्वतःला झाकण्यात गुंतलेली असते. तिने पोशाखाला मनापासून स्वीकारलेलं नसल्यामुळे सेन्केत्सु तिचं रक्त वाया घालवतो. तिची मैत्रीण माको हिने ओरडून सांगितल्यावर ती लाज सोडते आणि दोघांचा मेळ बसतो. शरमेचा थेट परिणाम लढाईच्या निकालावर होतो. पात्राची मानसिक अवस्था आणि मारामारीचे नियम इतके घट्ट बांधलेले मारधाडीच्या मालिकांत क्वचित दिसतात.

सातवा भाग तर जरूर पाहा, कारण तिथे देहप्रदर्शन जवळजवळ बाजूला पडतं आणि मूळ विषय उघडा होतो. माकोचं झोपडपट्टीतलं कुटुंब र्‍यूकोच्या विजयांमुळे तारे मिळवत वर चढतं, बंगल्यात जातं, आणि एकत्र जेवणारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी होतात. कपडा माणसाला काय करतो, याचं उत्तर एका भागात मिळतं.

आणि मग विसावा-एकविसावा भाग. र्‍यूकोला जुन्केत्सु बळजबरीने घातला जातो, तिच्या मनात खोट्या सुखाची स्वप्नं भरली जातात. ती तो पोशाख अंगावरून ओरबाडून काढते तेव्हा रक्त येतं. सेन्केत्सु तिने स्वतः स्वीकारला होता. हा लादलेला आहे. मालिका सगळा वेळ संमती आणि बळजबरी यांतला हा फरक सांगत होती, हे इथे पुरतं कळतं.

मग त्या मालिकेवरची टीका चुकीची म्हणायची का?

नाही. कथेने कारण दिलं म्हणून कॅमेऱ्याला सूट मिळत नाही. र्‍यूको १७ वर्षांची शाळकरी मुलगी आहे. तिची शरम हा कथेचा विषय करणं वेगळं आणि त्याच वेळी कॅमेऱ्याने तिच्या शरीरावरून फिरणं वेगळं. पहिल्या काही भागांत मालिका दोन्ही करते, आणि दुसऱ्या गोष्टीचं समर्थन पहिलीतून निघत नाही. तिसऱ्या भागानंतर र्‍यूको लाजणं सोडते, पण चौकटी तिच्याइतक्या बदलत नाहीत. हा दोष ठळकपणे नोंदवावा असाच आहे.

मालिकेच्या बाजूने एवढं म्हणता येईल की नजर एकाच दिशेने वळत नाही. न्यूडिस्ट बीच या बंडखोर संघटनेचा मिकिसुगी बोलता बोलता शर्ट उघडतो तेव्हा हाच कॅमेरा तितक्याच उत्साहाने त्याच्यावर येतो, आणि शेवटाकडे तर जवळपास सगळेच उघडे होतात. याने अतिरेकाचा अर्थ बदलतो. वयाचा प्रश्न मात्र सुटत नाही.

रागयोची दृश्यं इतकी अस्वस्थ का करतात?

कारण ती करावीत म्हणूनच रचली आहेत. सात्सुकीची आई रागयो हिच्या लेखी माणूस म्हणजे कपड्यांचं खाद्य. स्नानगृहात ती पोटच्या मुलीशी जे वागते ते लैंगिक शोषण आहे, आणि मालिका ते विनोदात बुडवत नाही. तिथे सात्सुकीचा थिजलेला चेहरा पाहा. तिसऱ्या भागातला तिचा तो बेपर्वा ताठा कुठून आला असेल, याचा अंदाज त्या एका चेहऱ्यावरून येतो: जिच्या शरीरावर घरातच दुसऱ्याची सत्ता आहे, तिने लोकांच्या नजरेला जुमानायचं नाही असं ठरवलं. अठराव्या भागाच्या आसपास ती आईविरुद्ध उभी राहते तेव्हा हे दुवे जुळतात. शोषणाचे प्रसंग ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी सोळावा भाग आधी कुणाकडून तरी समजून घ्यावा किंवा टाळावा.

फॅनसर्विसच्या ठरलेल्या प्रसंगातून पात्र उलगडतं, असं दुसरीकडे कुठे झालंय?

'निऑन जेनेसिस इव्हॅन्गेलियन' (१९९५) घ्या. तिच्या पुढच्या भागाच्या झलकीत मिसातो ही अधिकारी प्रेक्षकांना खुशाल 'सर्विस'चं आश्वासन देते, म्हणजे मालिकेला हा खेळ पुरता ठाऊक आहे. दहाव्या भागाच्या शेवटी गरम पाण्याच्या झऱ्याचा प्रसंग येतो. असा प्रसंग म्हणजे हमखास चावटपणा, हे अ‍ॅनिमे पाहणाऱ्याला पाठ असतं. इथे मात्र तिच्या हाताखालच्या आसुका या मुलीची नजर मिसातोच्या अंगावरच्या मोठ्या व्रणाकडे जाते. तो सेकंड इम्पॅक्टच्या वेळचा. ज्या आपत्तीत तिचे वडील गेले आणि जाताना तिला वाचवून गेले, ती ही. बिअर पिणारी, घर अस्ताव्यस्त ठेवणारी हसरी मिसातो त्या एका व्रणानंतर वेगळी दिसू लागते. प्रसंग मोजक्या वाक्यांचा आहे आणि दोघीही लगेच विषय आवरतात. नेमकं म्हणूनच तो लागतो.

फे व्हॅलेंटाइनचा पोशाख कथेला धरून आहे का?

आधी वाटतं, नाही. 'काउबॉय बिबॉप'मध्ये (१९९८, २६ भाग) ती येते तीच जुगार, कर्ज आणि फसवणूक घेऊन, पिवळ्या तोकड्या कपड्यांत. पंधराव्या भागात कळतं की ती ५४ वर्षं गोठवलेल्या अवस्थेत होती, जागी झाली तेव्हा स्मृती गेलेली आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. ज्याच्यावर पहिला विश्वास टाकला त्यानेही फसवलं. मग हा दिखाऊ बिनधास्तपणा चिलखतासारखा वाटू लागतो. अठराव्या भागात ती एका जुन्या बीटामॅक्स व्हिडिओ टेपवर शाळकरी वयातल्या स्वतःला पाहते. ती मुलगी भविष्यातल्या फेला प्रोत्साहन देतेय आणि फेला ती ओळखूही येत नाही. चोविसाव्यात ती आपल्या घराच्या जागी पोहोचते. तिथे अवशेषांपलीकडे काही नसतं. ती काठीने जमिनीवर चौकोन आखते आणि त्यात आडवी होते.

खरं सांगायचं तर पोशाख तसा असण्याचं मूळ कारण बाजाराचंच असावं. पण लेखकांनी मिळालेल्या रेखाटनाला उत्तर दिलं, त्याच्याकडे पाठ फिरवली नाही.

'डीमन स्लेयर'मधल्या मित्सुरीचं काय?

हे उदाहरण आपल्या वाचकांना चटकन पटेल. मित्सुरी कान्रोजीचा गणवेश उघडा का, याचं उत्तर मूळ कथेतच दिलं आहे: राक्षसांशी लढणाऱ्या तिच्या दलातला एक चष्मेवाला शिंपी मुद्दाम असे गणवेश शिवतो. मित्सुरीला वाटलं सगळ्यांचा असाच असतो आणि तिने तो घातला. तिची सहकारी शिनोबू हिने आपला त्याच्यासमोर जाळून टाकला. म्हणजे एकाच विनोदात दोघींचा स्वभाव आला, आणि दोष पाहणाऱ्याच्या पदरात पडला.

तिची खरी गोष्ट मात्र तलवारकारांच्या गावच्या हंगामात (२०२३) येते. तिचे स्नायू सामान्य माणसापेक्षा आठपट घन आहेत, भूक दांडगी आहे, केस गुलाबी-हिरवे. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगा तिला या केसांवरून आणि खाण्यावरून हिणवतो. त्यानंतर ती केस काळे करते, उपाशी राहते, नाजूक असल्याचं सोंग करते, आणि मग हे सोंग सोडून दलात येते. इथे शरीर हाच विषय आहे. तिची ताकद, तिची भूक आणि तिचं स्त्री म्हणून स्वीकारलं जाणं एकाच धाग्यात ओवलं आहे. लढाईत हे आठवल्यावर ती जोर लपवणं थांबवते, आणि कॅमेराही त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर आणि बाहूंवर असतो.

कुठे ठरवून चूक झाली आहे?

'फायर फोर्स'मधली (२०१९) तामाकी. तिचे कपडे सतत अपघाताने सुटतात आणि कुणीतरी तिच्यावर आदळतं, हा तिचा कायमचा विनोद. खरं तर तिच्याकडे कसदार कथा आहे: अग्निशमन दलातल्या ज्या वरिष्ठ रेक्काला ती आदर्श मानत होती तोच मुलांना जाळणारा निघतो, आणि ती विरोध करते तेव्हा तिला निर्दयपणे मारतो. एवढा विश्वासघात पचवलेली मुलगी पुढच्या प्रसंगात पुन्हा त्याच विनोदासाठी वापरली जाते. पुढे तर जिवावरच्या एका लढतीचा निकालही या विनोदावर लागतो, आणि तिच्या कौशल्याला काही किंमत उरत नाही. तीही १७ वर्षांचीच. स्वर तुटतो, भीती संपते आणि पात्र पहिल्या पायरीवर परत जातं. तीनही नुकसानं एकाच सवयीची आहेत.

पुरुष पात्रांचं फॅनसर्विस वेगळं मोजतात का?

मोजमाप तेच, पण रचना बहुधा वेगळी असते. 'जुजुत्सु काइसेन'च्या सातव्या भागात गोजो हा बलाढ्य मांत्रिक डोळ्यांवरची पट्टी काढतो तो क्षण चाहत्यांसाठी रंगवून काढला आहे, यात शंका नाही. पण तो सौंदर्य आणि सामर्थ्य एकत्र दाखवतो. गोजो त्या क्षणाचा मालक आहे. स्त्री पात्रांच्या वाट्याला बहुतेक वेळा अपघात येतो: पडणं, फाटणं, कुणीतरी पाहणं. एखाद्या मालिकेत कुणाला क्षणाची मालकी मिळते आणि कुणाला अपघात, याची दोन रकान्यांत नोंद करा. पाच भागांत चित्र स्पष्ट होतं.

टीव्हीवरची आणि डिस्कवरची आवृत्ती वेगळी का असते?

प्रक्षेपणाच्या वेळी काही मालिकांत वाफ, प्रकाशाचा झोत किंवा काळी पट्टी टाकतात आणि डिस्कवर ती काढतात. खरेदीला कारण मिळावं हा त्यातला उघड हिशेब. कथा दोन्हींत एकच असते, त्यामुळे पात्रांसाठी पाहणाऱ्याचं टीव्ही आवृत्तीत काही हुकत नाही.

घरात मुलं किंवा आईवडील असताना काय पाहावं?

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना वयोगट दाखवावा लागतो: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावता येण्याची सोयही द्यावी लागते. ते कुलूप सेटिंगमध्ये स्वतः चालू करा आणि मुलांचं खातं वेगळं ठेवा. वयोगट बहुधा संपूर्ण मालिकेला मिळून दिलेला असतो, म्हणून पहिले दोन शांत भाग पाहून तिसऱ्याची खात्री धरू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने 'किल ला किल' मागितली तर सरळ थांबायला सांगावं. सोळा-सतराच्या मुलाशी मात्र वर दिलेली तपासणी सोबत बसून करता येते. नुसतं 'बंद कर' म्हटलं की तो फोनवर एकटाच पाहतो.

मी स्वतः कॉमिक काढतो. पोशाख ठरवताना काय करू?

आधी पात्राला तो पोशाख कुणी दिला ते लिहा: स्वतः निवडला, वारशाने आला, नोकरीने दिला की लादला. मग त्यात ती धावू शकते का, हत्यार कुठे अडकवते, पावसात काय होतं, हे तीन कच्च्या चित्रांत काढून बघा. इथे निम्मे पोशाख आपोआप बदलतात. त्यानंतर पहिल्या वीस पानांच्या आराखड्यात प्रत्येक चौकटीखाली लिहा की कोण पाहतंय. ज्या चौकटीखाली लिहायला नाव सापडत नाही ती पुन्हा काढा. पात्राला वय द्या आणि ते अल्पवयीन असेल तर त्याचं शरीर आकर्षणासाठी मांडूच नका; 'दिसायला मोठी आहे' हे कारण चालत नाही.

पोशाखावरून विनोद करायचा असेल तर तो एकदाच करा, आणि दुसऱ्यांदा त्याची किंमत कुणीतरी मोजताना दाखवा. मांगातली (जपानी कॉमिकमधली) एक चौकट वाचक पाव सेकंदात ओलांडतो, पण अ‍ॅनिमेत तीच पाच सेकंद पडद्यावर राहते. त्यामुळे मांगाची नक्कल करून चलचित्र बनवत असाल तर वेळेचा अंदाज नव्याने घ्या.

सुरुवात कुठून करू आणि कोणत्या क्रमाने?

प्रौढ वाचकाला 'काउबॉय बिबॉप' सुचवू. सलग नको असेल तर पहिला, पाचवा, पंधरावा, अठरावा आणि चोविसावा भाग घ्या. फेची रेषा हाती लागते. मग 'इव्हॅन्गेलियन' दहाव्या भागापर्यंत. 'किल ला किल' त्यानंतरच, म्हणजे ती कोणत्या सवयींशी झगडते आहे ते कळेल. तिचे पहिले तीन भाग एका बैठकीत पाहा. पहिल्याच भागावर सोडलीत तर फक्त देखावा लक्षात राहील आणि पेच सुटून जाईल. २४ भागांनंतर डिस्कसोबत आलेला २५ वा भाग आहे, तो शाळेच्या पदवीदान समारंभाचा. मुख्य कथा चोविसाव्यात संपते.